मोरपंखी दरवर्षी तपकिरी का पडते आणि शेजारची कुंती का नाही

तक्रार साधारण अशी असते. सोसायटीच्या गेटपाशी किंवा बंगल्याच्या कंपाउंडलगत मोरपंखी आणि कुंती एकाच वेळी लावली. माती तीच, माळी तोच, पाण्याचा पाइपही तोच. कुंती दाट भरली, पावसाची एखादी सर आली की पांढऱ्या फुलांनी लगडते आणि रात्री अख्ख्या जिन्यात वास भरतो. मोरपंखी मात्र खालून किंवा आतून तपकिरी होत जाते. छाटली तर भोक पडतं आणि ते भरत नाही. शेवटी उपटून नवी आणतात, आणि दोन-तीन वर्षांत तीही त्याच वाटेने जाते. मग कुणी नर्सरीवाल्याला शिव्या घालतं, कुणाला वाळवीचा संशय येतो, कुणी वास्तू काढून बसतं.

यातल्या बहुतेक झाडांना रोग झालेलाच नसतो. दोन्ही झाडं बाराही महिने हिरवी, म्हणून दोघांना एकच नियम लावला जातो, आणि तो नियम फुलझाडाचा असतो. आपल्या माळ्यांचा हात जास्वंद, तगर, कुंती, मेंदी यांच्यावर बसलेला आहे. मोरपंखी मात्र शंकुधारी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणारं झाड, आणि अशा झाडांशी आपली पिढीजात ओळख नाही. दक्षिण भारतातल्या रानात मुळातला शंकुधारी वृक्ष एकच, नागेया वॉलिचियाना, आणि तोही केरळ-तमिळनाडूच्या बाजूच्या घाटांतल्या दमट जंगलात. बाकी आपण बागेत लावतो ते सगळे बाहेरून आलेले.

आधी झाड कुठलं ते पाहा

नर्सरीत ‘थुजा’ म्हणून मिळते ती मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. मूळची चीन-कोरियाकडची, सायप्रस आणि ज्युनिपरच्या कुळातली. तिला फूल येत नाही. फांद्यांवर निळसर हिरव्या, आकड्यासारखी टोकं असलेल्या बोराएवढ्या गाठी दिसतात, ते तिचे शंकू. पिकले की तपकिरी होऊन उकलतात. त्यांना कीड समजून फवारा मारणारे लोक आहेत, मारू नका.

कुंती, म्हणजेच कामिनी किंवा मधुकामिनी, ही मुराया पॅनिक्युलाटा. लिंबू आणि कढीपत्त्याच्या कुळातली, आपल्या सह्याद्रीच्या रानातही सापडणारी. कापली नाही तर वीस फुटांपर्यंत जाते, कापली तर कमरेएवढं कुंपण होऊन राहते.

किनाऱ्यावरचं सुरू या भानगडीत येत नाही. दिसायला सुयांचं, पण ते फुलणारं झाड आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे खरं तर बारीक फांद्या. खाली मोरपंखीसाठी जे लिहिलंय ते सुरूला लावू नका.

छाटणीनंतर पडलेलं भोक भरत का नाही

सगळ्यात जास्त मोरपंख्या कात्रीने बिघडतात, म्हणून आधी हेच.

कुंतीच्या जुन्या लाकडात सालीखाली डोळे झोपलेले असतात. वरचा शेंडा गेला की ते जागे होतात आणि बोटाएवढ्या जाड, पानं नसलेल्या खुंटावरूनही फुटवे येतात. म्हणूनच माळी जूनच्या तोंडाला कुंतीचं कुंपण बिनधास्त गुडघ्याएवढं खाली आणतो आणि गणपतीपर्यंत ते परत हिरवं झालेलं असतं. जास्वंद, तगर, कण्हेर यांचंही तसंच.

मोरपंखीच्या पानं गळून उघड्या पडलेल्या लाकडात असे डोळे जवळपास नसतात. तिची नवी वाढ येते फक्त हिरव्या खवल्यांच्या टोकांतून आणि त्यांच्या लगतच्या भागातून. कात्री हिरव्या थराच्या आत, तपकिरी काड्यांपर्यंत गेली की ती फांदी तिथेच संपली. खत, पाणी, टॉनिक, कशानेही तिथे फुटवा येणार नाही. आणि हा हिरवा थर आपल्याला वाटतो तेवढा जाड नसतो. बाहेरून भरीव अंड्यासारखी दिसणारी मोरपंखी हाताने बाजूला करून आत बघा: वीतभर हिरवं, त्यामागे सगळ्या वाळक्या काड्या. आतल्या पानांना ऊन मिळत नाही, शिवाय प्रत्येक पानाचं आयुष्य काही वर्षांचंच असतं. म्हणून आतला तपकिरी पसारा हा आजार नाही. तो हाताने झटकून काढला तर हवा खेळते, एवढाच त्याचा उपाय.

इथे फसवणारी एक जुनी परीक्षा आहे. फांदी जिवंत आहे का हे बघायला आपण नखाने साल खरवडतो आणि खाली हिरवं दिसलं की म्हणतो, जिवंत आहे, फुटेल. कुंतीच्या बाबतीत हे अगदी बरोबर. मोरपंखीत साल हिरवी निघाली तरी त्याचा अर्थ इतकाच की फांदी अजून मेलेली नाही. तिच्या टोकाला हिरवं पान शिल्लक असेल तरच ती पुढे वाढेल. या परीक्षेच्या भरवशावर बोडक्या मोरपंखीला वर्षभर पाणी घालत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग मोरपंखी कापायची कशी? थोडी आणि वेळेवर. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा, हवं तर पाऊस ओसरल्यावर एकदा, आणि दोन्ही वेळा फक्त नव्या हिरव्या वाढीची टोकं. भर मे महिन्यात कापू नका. आतला नाजूक भाग अचानक उन्हात येतो आणि करपतो. आकार देताना बुंध्याकडे रुंद आणि वर निमुळता ठेवा. आपल्याकडे उलटं होतं: माळी उभा राहून हात पोचेल तिथे कापतो, वरचा भाग पसरतो, खालच्यावर सावली पडते आणि खालची बाजू उघडी पडते. झाड सहा फुटांचं हवं असेल तर पाच फुटांवर असतानाच टोकं खुडायला लागायचं. दहा फुटांचं झालेलं झाड सहा फुटांवर आणायला गेलात तर वर कायमचं सपाट तपकिरी टक्कल दिसेल. एवढं उंच झालं असेल तर उंच राहू द्या, नाहीतर काढून टाका.

भोक आधीच पडलं असेल तर काय? लहान असेल तर बाजूच्या हिरव्या फांद्या सुतळीने हलकेच ओढून त्यावर आणा, वाढत्या हंगामात त्या जागा झाकतात. वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागतो. झाकल्यावर सुतळी आठवणीने काढा. बुंध्याकडचा भाग पूर्ण उघडा पडला असेल तर मी झाकायच्या नादी लागत नाही. खालच्या वाळक्या फांद्या खोडापासून साफ काढायच्या, दोन-तीन फूट खोड मोकळं करायचं आणि झुडपाचं झाड करून टाकायचं. मोरपंखीची तांबूस, पट्ट्यापट्ट्यांनी सुटणारी साल छान दिसते, आणि खाली एखादं सावलीत तगणारं रोप लावता येतं.

पाणी: एक झाड ओरडतं, दुसरं गप्प बसतं

कुंतीला तहान लागली की दुपारी पानं मलूल होतात, दिसतात. पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत ताठ. माळ्याचं सगळं वेळापत्रक या सूचनेवर चालतं. मोरपंखीची पानं म्हणजे फांदीला घट्ट चिकटलेले खवले. ते लोंबकळू शकत नाहीत. तहान असो की मुळं कुजलेली असोत, झाड काही आठवडे हिरवंच दिसतं. आधी चकाकी जाते, मग रंग राखाडीकडे झुकतो, मग एके दिवशी सगळं तपकिरी. डिसेंबरात तोडून आणलेल्या ख्रिसमसच्या फांद्या जानेवारीतही हिरव्या दिसतात, तोच प्रकार. तोवर मुळाशी जे घडायचं ते घडून गेलेलं असतं.

लाकडाची घडणही वेगळी आहे. कुंतीच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या लांब, मोकळ्या नळ्या असतात. मोरपंखीत तशा नळ्या नसतात. टोकं बंद असलेल्या अरुंद पेशी एकमेकींना खेटून असतात आणि पाणी त्यांच्या भिंतींतल्या बारीक खळग्यांतून एकीतून दुसरीत जातं. सगळा कारभार संथ. म्हणून उन्हाने कासावीस झालेल्या मोरपंखीवर एका दिवसात बादल्या ओतून फरक दिसत नाही, आणि फरक दिसत नाही म्हणून लोक आणखी ओततात.

यावरून एक हिशोब बांधता येतो. तपकिरी रंग दिवाळीच्या सुमारास दिसायला लागला तर चूक पावसाळ्यात झाली: मुळाशी पाणी तुंबलं. एप्रिल-मेमध्ये दिसला तर उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनची तहान, तापलेली भिंत किंवा लाल कोळी (त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय). रंग दिसला त्या आठवड्यात काय घडलं ते शोधू नका, महिना-दोन महिने मागे जा.

पाणी तुंबण्याचं मुख्य कारण खड्डा. काळ्या मातीत किंवा मुरमात दोन फूट खड्डा खणून, त्यात शेणखत आणि पोयटा घालून रोप लावलं की तो खड्डा पावसाळ्यात टाकी होतो. पाणी आत येतं, बाहेर जात नाही. तपासणी सोपी आहे. झाडापासून थोड्या अंतरावर फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर तिथे मोरपंखी जगवणं अवघड आहे, औषध कुठलंही घाला.

दुसरं कारण नर्सरीचा मातीगोळा. पिशवीतली चिकट लाल माती वाळली की विटेसारखी होते. नवीन रोपाची सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात. वरून पाइपने दिलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून बाजूच्या भुसभुशीत मातीत जातं. आळं ओलं दिसतं आणि मुळं कोरडी राहतात. पावसाळ्यात उलटं, गोळा भिजला की आठवडाभर चिखल. कुंतीही अशाच गोळ्यात येते, पण तिची मुळं चटकन बाहेर पडतात आणि नाही पडली तर ती पानं टाकून कळवते.

म्हणून आळ्याचा वरचा रंग बघून ठरवू नका. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने चार-पाच इंच खाली जा, माती मुठीत दाबा. लाडू होऊन बोटाने सहज फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. चिकटून गोळाच राहिला तर जास्त ओल आहे. लाडू होतच नसेल तर पाणी द्या, आणि देताना पाइप बारीक सोडून अर्धा तास बुंध्याजवळच्या गोळ्यावर ठेवा. ठिबक असेल तर पहिलं वर्ष एक ड्रिपर गोळ्यावर हवा, दुसरा बाहेर. जम बसलेल्या मोरपंखीला आठवड्यातून एकदा खोल पाणी हे रोजच्या शिंतोड्यापेक्षा बरं. कुंडीत मात्र हा हिशोब चालत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची कुंडी रोज तपासावी लागते.

मुळं कुजल्याचा संशय असेल तर बाजूने थोडी माती उकरा. निरोगी मूळ घट्ट, फिकट रंगाचं. कुजलेलं काळपट, आणि चिमटीत ओढलं की वरचं कातडं निघून आतला दोरा हातात राहतो. हे बहुधा फायटॉप्थोरासारख्या बुरशीचं काम. दुकानदार मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाचं पाकीट देईल. त्याने उरलेली मुळं वाचू शकतात, गेलेली परत येत नाहीत, आणि निचरा तसाच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पैसे आधी चर खणण्यावर आणि माती उंच करण्यावर खर्च करा. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतात मिसळून लावणीच्या वेळी घालायला हरकत नाही; झाड मरायला टेकल्यावर घालून उपयोग नाही.

तपकिरी डाग नेमका कुठे आहे

फोटो पाठवून ‘झाडाला काय झालंय’ विचारण्याआधी झाडाभोवती एक चक्कर मारा. डागाची जागाच अर्धं उत्तर देते.

फक्त आतून: वर सांगितलं तसं, नेहमीचं.

कुंतीच्या बाजूने: हे फार वेळा घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात कुंती हातभर वाढते आणि मोरपंखीवर रेलते. रेललेल्या जागी ऊन पोचत नाही, दोन-तीन महिन्यांत तेवढा भाग मरतो. मग माळी कुंती कापतो आणि मागचं भगदाड अचानक दिसतं. आरोप त्या दिवशीच्या फवाऱ्यावर किंवा खतावर येतो. एकदा मेलेला तो भाग कुंतीसारखा परत येत नाही. दोघींमध्ये किमान तीन फूट मोकळी जागा ठेवा, आणि पाऊस चालू असताना कुंतीची त्या बाजूची फांदी दर महिन्याला मागे घ्या.

जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत, रस्त्याच्या बाजूने: कुत्रे. गेटजवळची मोरपंखी ही गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची ठरलेली जागा असते, आणि त्या मुताने खवले जळतात. डाग एकाच उंचीवर, एकाच बाजूला असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. दिसल्यावर लगेच पाण्याने धुवा, आणि खाली गुडघ्याएवढी जाळी लावा.

भिंतीच्या बाजूने: पश्चिमेची सिमेंटची भिंत, पत्र्याचं शेड किंवा एसीचा बाहेरचा डबा. गरम झोत थेट अंगावर येत असेल तर पाणी वाढवून भागणार नाही, झाड किंवा डबा हलवावा लागेल.

एकच फांदी: ती मुळाशी जाऊन बघा. मोडलेली असते, नाहीतर काहीतरी आवळलेलं. नर्सरीत वाहतुकीसाठी झाड नायलॉनच्या दोरीने गुंडाळतात आणि ती दोरी लावल्यावरही तशीच राहते. दिवाळीच्या माळांची तार हा दुसरा गुन्हेगार. फांदी जाड होत जाते, तार तेवढीच राहते.

फक्त टोकं करपलेली: क्षार. बोअरचं जड पाणी, किंवा बुंध्याशी मूठभर युरिया. मोरपंखीची भूक बेताची आहे. वर्षातून एक-दोनदा कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. कुंतीला फुलांसाठी दिलेला डोस तिला देऊ नका.

सगळं झाड एकसारखं राखाडी: मुळं. वरचा पाण्याचा भाग पुन्हा वाचा.

आणि घरातली कुंडी. जोडीने मोरपंखी ठेवली की भरभराट होते म्हणून लोक ती हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवतात. हिला दिवसभराचं ऊन लागतं. हॉलमध्ये ती महिन्या-दोन महिन्यांत शांतपणे मरते, आणि वर सांगितल्याप्रमाणे मेल्यावरही बरेच दिवस हिरवी दिसते.

लाल कोळी

फेब्रुवारी ते मे, कोरडी हवा, रस्त्याची धूळ. हिरवा रंग धुरकट, पिवळट ठिपक्यांचा होतो, मग तांबूस. नुसत्या डोळ्यांना कोळी दिसत नाहीत म्हणून पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक कण चालायला लागले आणि बोटाने दाबल्यावर रेघ उमटली तर कोळी आहेत.

कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाचा त्याच्यावर उपयोग होत नाही. उलट त्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतात. मँकोझेब तर बुरशीचं औषध, त्याचा इथे संबंधच नाही, तरी दुकानातून सर्रास तेच मिळतं. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी, आतपर्यंत, तीन-चार दिवसांच्या अंतराने काही वेळा. धूळही जाते. न भागल्यास लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोळवून संध्याकाळी, किंवा पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पारा ३२-३३ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक नको. तांबूस झालेले खवले परत हिरवे होत नाहीत. नवी वाढ स्वच्छ निघाली की काम झालं असं समजा.

कडाक्याच्या थंडीतही मोरपंखीवर तांबूस-ब्राँझ छटा येते, विशेषतः सोनेरी जातींवर. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आपोआप जाते. टिचकीच्या परीक्षेत कागद कोरा राहिला तर काही करू नका.

कुंतीची रडगाणी वेगळी

कुंती सोशिक आहे म्हणून तिला काहीच होत नाही असं नाही. पहिली तक्रार: फुलं येत नाहीत. कारण जवळपास नेहमी एकच, दर पंधरा दिवसांनी फिरणारी कात्री. फुलं नव्या फुटीच्या टोकांना येतात आणि टोकं कचऱ्यात जातात. कुंती आधी थोडा ताण आणि मग पाऊस किंवा भरपूर पाणी मिळालं की एकदम फुलते. एक मोठी छाटणी, मग दोन-तीन महिने हात लावायचा नाही, मधे पाणी जरा ओढून धरायचं. चौकोनी कडक कुंपण आणि फुलांचा घमघमाट दोन्ही एकदम मागू नका. कुंपण हवं असेल तर मेंदी लावा.

दुसरी: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. उसाला केवडा पडतो तसंच हे, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मुळाशी द्या. साधा हिराकस (फेरस सल्फेट) अशा जमिनीत टिकत नाही.

तिसरी गोष्ट नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांसाठी. कुंतीच्या कोवळ्या फुटीवर सायला नावाची कीड येते. शेंडे मुरडतात, पांढरे मेणाचे धागे दिसतात. कढीपत्त्यावर येते तीच, आणि संत्रा-लिंबाच्या ग्रीनिंग रोगाची वाहकही तीच. बांधाला लागून संत्र्याची बाग असेल तर कुंपणाला कुंती लावूच नका. तगर लावा, पूजेला फुलंही मिळतील.

मेलेल्या मोरपंखीच्या जागी काय

मुळं कुजून गेली असतील तर त्याच खड्ड्यात दुसरी मोरपंखी नको. तिथे कुंती किंवा तगर लावा. तुंबलेलं पाणी त्यांनाही आवडत नाही, पण त्या वेळेत सांगतात, आणि आडव्या-तिडव्या कापल्या तरी सावरतात. मोरपंखीच हवी असेल तर जागा बदला, माती वीतभर उंच करा आणि त्या उंचवट्यावर लावा. पिशवी पूर्ण काढा, नुसती तळाला फाडून लावू नका. गोळ्याच्या कडेला गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा. खोड आणि मूळ मिळतात ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. उसाचं पाचट किंवा वाळका पाला आळ्यात पसरा, बुंध्याला मात्र टेकवू नका.

घेताना पाच फुटी झाडाच्या मोहात पडू नका, दोन फुटी घ्या. फांद्या बाजूला करून आत बघा, दोरी शोधा, खोड धरून हलवा. गोळ्यात खोड हलत असेल तर दुसरं रोप. आणि लक्षात ठेवा, बुटकी जात नसेल तर ही पुढे चाळीस-पन्नास फुटांचं झाड होऊ शकते. गेटच्या खांबापासून दीड फुटावर लावायची ही वस्तू नाही.

डिसेंबर संपला की याच गोतातला आणखी एक प्रश्न येतो, वसईहून आणि गोव्याहून जास्त. ख्रिसमस ट्री म्हणून घेतलेली अरोकेरिया अंगणात लावली, विजेच्या तारेला लागते म्हणून शेंडा कापला, आता काय? इथेही फुलझाडाचा नियम चालत नाही. बाजूची आडवी फांदी शेंड्याची जागा कधीच घेत नाही. खोडावरून नवा शेंडा फुटला तर फुटला, आणि बरेचदा एकाऐवजी दोन-तीन फुटतात. त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे कोवळे असतानाच काढा. आडव्या फांदीचं कलम करून नवं झाड बनवायचा प्रयत्नही सोडून द्या, ते जन्मभर आडवंच वाढतं. खालच्या गळलेल्या फांद्यांच्या जागीही नवीन येत नाहीत. झाड दक्षिणेकडे किंचित कललं असेल तर ते बहुधा कुक पाइन आहे. आपल्याकडे नॉरफोक पाइन म्हणून पुष्कळदा हेच विकलं जातं. कुक पाइन जगभर विषुववृत्ताकडे कलतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. बुंध्याशी माती हलत किंवा उचलली जात नसेल तर टेकू लावायची गरज नाही.